सहा वर्षांचा अर्जदार

या मुलाचं नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. तरी या टिपणात ते घेतलेलं नाही. त्याने क्यूबातल्या वडिलांकडे परत जावं की अमेरिकेत मियामीतल्या नातलगांकडे राहावं, या १९९९-२००० मधल्या वादात सात महिने ते नाव दोन्ही देशांत फलकांवर रंगवलं गेलं, सभांमध्ये घोषणेसारखं ओरडलं गेलं, आणि त्या गदारोळात ते एका लहान मुलाचं नाव आहे याचा पुन्हा पुन्हा विसर पडला. म्हणून इथे तो नुसता ‘मुलगा’ आहे. त्याची आई, वडील, दोन्ही आज्या, मियामीतले चुलत आजोबा आणि चुलत आत्या हेसुद्धा नात्यानेच येतील. सरकारी पदावर बसून ज्यांनी निर्णय घेतले, त्यांची नावं मात्र दिली आहेत.

मुलांच्या ताब्याचे दावे पाहणारे वकील आणि समुपदेशक, तसंच परदेशात संसार मांडलेली कुटुंबं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: कायद्याच्या नजरेने हे प्रकरण फारसं अवघड नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत चांगल्या हेतूने घेतलेल्या एका निर्णयाने ते अवघड केलं, आणि त्यानंतर वाया गेलेल्या प्रत्येक दिवसाने ते चिघळत गेलं.

पार्श्वभूमी

मुलाचा जन्म डिसेंबर १९९३ मध्ये क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्देनास गावी झाला. तो साधारण तीन वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. मूल आईकडे राहिलं, पण वडिलांशी असलेली ये-जा तुटली नाही. त्याची शाळा वडिलांच्या भागात होती आणि मुक्कामही अनेकदा त्यांच्याकडेच असे. वडील जवळच्या वरादेरोला, पर्यटकांच्या ठिकाणी नोकरीला होते. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्या घरी लहान बाळ होतं. विभक्त आईवडिलांच्या मुलाला जितकं स्थिर आयुष्य मिळू शकतं, तितकं त्याला मिळत होतं.

२२ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे आई त्याला घेऊन एका लहान होडीतून अमेरिकेकडे निघाली. होडीत एकूण १४ जण होते. वडिलांची संमती घेतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि होडी उलटली. आई आणि आणखी १० जण बुडाले. मुलगा टायरच्या ट्यूबला धरून दोन दिवस तरंगत राहिला. २५ नोव्हेंबरला, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होता त्या दिवशी, फोर्ट लॉडरडेलच्या समोरच्या समुद्रात दोन मच्छीमारांना तो सापडला. होडीतली आणखी दोन मोठी माणसंही वाचली.

इथे आईबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. पुढच्या सात महिन्यांत तिच्या नावाने सगळेच बोलले, आणि तिला स्वतःला मात्र काहीच बोलता येणार नव्हतं. मियामीत ती मुलाच्या स्वातंत्र्यासाठी प्राण देणारी माता ठरली. हवानात ती दुसऱ्यांच्या नादी लागलेली, फसलेली बाई ठरली. तिने सारासार विचार करून आपल्या लेकरासह एक धोका पत्करला आणि तो अंगाशी आला, याहून अधिक कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. तिच्या मृत्यूनंतर कायद्याने मुलाचा एकच जिवंत पालक उरला होता, तो म्हणजे वडील.

आता राजकीय पार्श्वभूमी. १९६६ च्या एका कायद्यामुळे अमेरिकेत पोचलेल्या क्यूबन माणसाला एका वर्षानंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. १९९४ च्या उन्हाळ्यात ३०,००० हून अधिक लोक तराफ्यांवरून निघाले, तेव्हा दोन्ही सरकारांनी करार केला आणि १९९५ पासून एक नवा नियम आला. समुद्रात पकडलेल्याला परत पाठवायचं, जमिनीवर पाय लागलेल्याला राहू द्यायचं. लोक त्याला ‘ओले पाय, कोरडे पाय’ म्हणत. हा मुलगा सापडला समुद्रात आणि उपचारांसाठी आणला गेला किनाऱ्यावर. म्हणजे तो नेमका त्या रेघेवर उभा होता.

मियामीतल्या क्यूबन समाजाच्या मनात आणखी एक आठवण खोल रुतलेली होती. १९६० ते १९६२ या काळात, कम्युनिस्ट राजवटीपासून वाचवायचं म्हणून, क्यूबातल्या १४,००० हून अधिक मुलांना त्यांच्या आईवडिलांनी एकट्याने विमानात बसवून अमेरिकेला धाडलं होतं. मियामीच्या कॅथलिक चर्चने त्यांची सोय लावली. त्यातली कित्येक मुलं पुढे त्या शहरातली प्रतिष्ठित माणसं झाली. मूल आईबापांपासून तोडणं हा अन्याय, असं जग मानतं. या समाजात मात्र मुलाला दूर पाठवणं ही आईबापांच्या त्यागाची खूण होती. हे ध्यानात घेतलं नाही, तर लिटल हवानाच्या, म्हणजे मियामीतल्या क्यूबन वस्तीच्या, रस्त्यावर रडणारे लोक नुसते हट्टी वाटतात. ते तसे नव्हते.

प्रश्न नेमका काय होता

वरवर पाहता प्रश्न एकच दिसतो: मूल कुणाकडे राहावं? पण कागदोपत्री त्याची तीन तुकड्यांत फाळणी झाली होती.

पहिला तुकडा ताब्याचा. वडील जिवंत आहेत, मुलाशी त्यांचं नातं घट्ट आहे, त्यांच्यावर छळाचा किंवा दुर्लक्षाचा आरोप सिद्ध झालेला नाही. अशा वडिलांसमोर वडिलांच्या काकांचा दावा जवळपास कुठल्याच देशात टिकत नाही.

दुसरा तुकडा आश्रयाचा. अमेरिकेचा कायदा म्हणतो की देशात पोचलेला कोणताही परदेशी माणूस आश्रय मागू शकतो. त्यात वयाची अट लिहिलेली नाही. मग सहा वर्षांचं मूल ‘कोणताही माणूस’ आहे की नाही?

तिसरा तुकडा दोन सरकारांचा. त्यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतचा १९८० चा हेग करार अमेरिकेने स्वीकारला होता, पण क्यूबा तेव्हा त्यात नव्हता. म्हणजे अशा वादासाठी आखून दिलेली वाटच दोघांमध्ये नव्हती.

या फाळणीचा परिणाम पुढे सतत दिसतो. ताब्याच्या न्यायालयात मुलाच्या हिताचा विचार होतो. आश्रयाच्या प्रक्रियेत छळाची भीती आहे का, एवढंच पाहतात. आणि वरच्या न्यायालयात गेल्यावर सरकारी खात्याचा निर्णय कायद्याच्या चौकटीत बसतो का, हे तपासतात. या मुलाचं प्रकरण पहिल्या दारातून कधी नीट आत गेलंच नाही. त्याला झोप कशी लागते, आई गेली हे त्याला कुणी कसं सांगितलं, वडिलांचा आवाज फोनवर ऐकून तो काय करतो, हे प्रश्न शेवटपर्यंत कुठल्याच न्यायालयाच्या पटलावर पूर्णपणे आले नाहीत.

पहिला निर्णय आणि त्यावेळचे पर्याय

इमिग्रेशन खात्याने, म्हणजे तेव्हाच्या आयएनएसने, मुलाला लगेच परत पाठवलं नाही. तपासणी पुढे ढकलली आणि त्याला पॅरोलवर, म्हणजे देशात राहण्याच्या तात्पुरत्या परवानगीवर, मियामीतल्या चुलत आजोबांच्या हवाली केलं. सुट्टीचा आठवडा होता. मूल समुद्रातून आलेलं, आई गेलेली, आणि शहरात रक्ताचे नातलग दाराशी उभे. त्या खुर्चीत बसलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याने कदाचित हेच केलं असतं. म्हणून मी या निर्णयाला निष्काळजीपणा म्हणत नाही.

पण पर्याय होते. हॉस्पिटलमधून मुलाला एखाद्या तटस्थ पालनकर्त्या कुटुंबाकडे ठेवता आलं असतं. नातलगांकडेच द्यायचं, तर लेखी अटींवर देता आलं असतं: ही सोय तात्पुरती आहे, वडिलांशी रोज ठरल्या वेळी बोलणं होईल, कॅमेऱ्यासमोर मुलाला उभं करायचं नाही, अमुक तारखेला पुन्हा पाहणी होईल. हे काही झालं नाही. तात्पुरती सोय म्हणून दिलेलं मूल आणि ताबा म्हणून दिलेलं मूल यांत फरक आहे, हे कागदावर कुणी ठळक लिहिलं नाही. ताब्याच्या कामात वावरलेल्या कुणालाही माहीत असतं की ‘सध्या राहू दे’ हे तीन शब्द सगळ्यात महाग पडतात. मूल जिथे आहे तिथेच रुळतं, आणि मग ‘ते आता रुळलंय’ हाच पुरावा होऊन बसतो.

झालंही तसंच. दोनेक आठवड्यांत त्याचा सहावा वाढदिवस आला आणि तो मियामीत कॅमेऱ्यांच्या झगमगाटात साजरा झाला. त्याला डिस्ने वर्ल्डला नेऊन आणलं. स्ट्रेचरवर पडलेल्या त्याच्या फोटोचं पोस्टर तर त्याआधीच निर्वासितांच्या एका संघटनेने छापलं होतं. २१ वर्षांची चुलत आत्या त्याची काळजी घेत होती, आणि तिची माया खरी होती. आई गमावलेल्या मुलाने तिला घट्ट धरलं, याचं नवल वाटायला नको. पण ही नवी मिठी जितकी घट्ट होत गेली, तितकं पुढचं सुटणं क्रूर होत गेलं.

पलीकडे फिडेल कास्त्रोंनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ७२ तासांची मुदत देऊन मूल परत मागितलं आणि हवानात मोर्चे सुरू झाले. ही मुदत मुलाला सर्वांत जास्त नडली असं मला वाटतं. एका वडिलांची मागणी त्यामुळे एका राजवटीची मागणी झाली. आता मुलाला परत पाठवणं म्हणजे कास्त्रोंपुढे झुकणं, असा अर्थ मियामीत लावला जाणार हे उघड होतं.

वडिलांसमोरचा पर्याय

वडील तातडीने मियामीला का आले नाहीत, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. नातलग म्हणत, त्यांना यायचंय पण सरकार येऊ देत नाही. ते मोकळेपणी बोलू शकत नाहीत. क्यूबाचं सरकार म्हणे, मुलगा त्यांचाच आहे, तो आणायला त्यांनी हात जोडत का जावं? वडील स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द संशयाने ऐकला गेला.

इमिग्रेशन खात्याने इथे एक नेटकं काम केलं. १३ आणि ३१ डिसेंबरला त्यांच्या अधिकाऱ्याने क्यूबात वडिलांची दोनदा भेट घेतली. मुलाशी नातं कसं होतं, शाळा, दवाखाना, रोजची ये-जा यांची कागदपत्रं पाहिली. सहा वर्षांचं मूल स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, आणि त्याच्या वतीने मी आश्रय मागत नाही, असं वडिलांनी स्पष्ट सांगितलं. हे त्यांचं खरं मत आहे, दबावाखालचं नाही, असा निष्कर्ष खात्याने काढला. वडील हुकूमशाही देशात राहतात म्हणून त्यांचं पितृत्व खोटं ठरत नाही, ही भूमिका मला आजही योग्य वाटते.

तरी एक गोष्ट खात्याने केली नाही. त्यांनी मुलाशी कधीच बोलणं केलं नाही. पुढे एप्रिलमध्ये अपील न्यायालयानेही हे नोंदवलं. मुलाच्या मताने निर्णय घ्यायचा नसला, तरी त्याचं ऐकून घ्यायला एखादा बालमानसतज्ज्ञ पाठवायला काय हरकत होती? त्या मोकळ्या जागेत नंतर इतर सगळे शिरले. टीव्हीवाले शिरले, वकील शिरले, राजकारणी शिरले.

सहीचा कागद

ताब्याच्या दाव्यात आपण टिकणार नाही, हे नातलगांच्या वकिलांना कळत होतं. म्हणून त्यांनी आश्रयाचा मार्ग धरला. डिसेंबरमध्ये चुलत आजोबांनी मुलाच्या वतीने अर्ज दिला. दुसऱ्या एका अर्जावर मुलाची स्वतःची सही होती. सहा वर्षांच्या हाताने काढलेली ती अक्षरं हा या सबंध प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा कागद वाटतो. त्या सहीचा अर्थ असा होता: क्यूबाला परत गेलो तर छळ होईल अशी मला भीती वाटते, सरकारने मला संरक्षण द्यावं. ज्याला बेरीज नुकती येऊ लागली आहे, त्याच्या तोंडी हे घातलं गेलं.

५ जानेवारी २००० ला आयएनएसच्या आयुक्त डोरिस माइसनर यांनी निर्णय दिला. एवढ्या लहान मुलाला स्वतः अर्ज करण्याची समज नसते, त्याच्या वतीने फक्त वडील बोलू शकतात, आणि वडिलांना अर्ज करायचा नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. मुलाला १४ जानेवारीपर्यंत परत पाठवावं. १२ जानेवारीला ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुख, जॅनेट रेनो यांनी तो निर्णय कायम ठेवला.

इथे तारखा मोजून पाहण्यासारख्या आहेत. मूल सापडल्यापासून हा निर्णय येईपर्यंत ४१ दिवस गेले. हेग करारात अशा अर्जाचा निकाल लागण्यासाठी सहा आठवड्यांची अपेक्षा आहे. म्हणजे कराराची वाट नसतानाही खात्याने त्याच वेगात काम उरकलं होतं. पण निर्णय झाल्यावर मूल वडिलांच्या हाती पडायला आणखी १०८ दिवस लागले. सगळं नुकसान या १०८ दिवसांत झालं.

जानेवारी ते एप्रिल

पहिली मुदत गेली. १० जानेवारीला मियामीतल्या स्थानिक कुटुंब न्यायालयाने चुलत आजोबांना तात्पुरता ताबा दिला होता. इमिग्रेशनचा विषय संघराज्याचा आहे, या आदेशाला त्यात स्थान नाही, असं रेनो यांनी कळवलं. त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये तो दावा काढून टाकला, पण तोवर तीन महिने नातलगांच्या हाती एक आदेश होता आणि तो दाखवून लोकांना सांगता येत होतं की कायदा आमच्या बाजूने आहे. अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीचे अध्यक्ष डॅन बर्टन यांनी मुलाला साक्षीसाठी समन्स काढलं. त्याची साक्ष कुणालाच घ्यायची नव्हती, त्याला देशाबाहेर जाता येऊ नये एवढाच हेतू होता. त्याला थेट नागरिकत्व देणारं विधेयकही मांडलं गेलं, ते पुढे सरकलं नाही.

जानेवारीच्या अखेरीस दोन्ही आज्या क्यूबाहून आल्या. २६ तारखेला मियामी बीचवर एका कॅथलिक विद्यापीठाच्या अध्यक्ष असलेल्या सिस्टर जीन ओ’लॉफ्लिन यांच्या घरी भेट ठरली. जागा तटस्थ असावी म्हणून हे घर निवडलं होतं. भेट दीडेक तासाची झाली. त्यानंतर सिस्टरनी जाहीरपणे सांगितलं की मुलाने इथेच राहावं असं त्यांना वाटतं. त्यांनी ते मनापासूनच म्हटलं असेल. पण ज्या घरात पक्षकार विश्वासाने येऊन बसले, त्या घराच्या मालकिणीने बाजू घेतली आणि पुढच्या प्रत्येक मध्यस्थीवरचा विश्वास उडाला. आपल्याकडे समुपदेशकाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: मत झालं तरी तोंडावर येऊ द्यायचं नाही.

१९ जानेवारीला नातलग संघराज्याच्या न्यायालयात गेले. २१ मार्चला न्यायाधीश मायकल मूर यांनी दावा फेटाळला. मग अपील. त्याच सुमारास एका मोठ्या टीव्ही वाहिनीने मुलाची मुलाखत दाखवली. २९ मार्चला मियामी-डेड काउंटीचे महापौर अलेक्स पेनेलास यांनी जाहीर केलं की मूल परत नेण्याच्या कामी स्थानिक पोलीस केंद्र सरकारला मदत करणार नाहीत. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्ष अल गोर, जे त्या वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार होते, आपल्याच सरकारपासून बाजूला झाले आणि मुलाला कायम वास्तव्य देण्याच्या बाजूने बोलले. दोन्ही पक्षांचे लोक आता एका मुलावरून फ्लोरिडाची मतं मोजत होते.

६ एप्रिलला वडील पत्नी आणि बाळासह वॉशिंग्टनला पोचले. ‘ते येत नाहीत’ हा आक्षेप संपला. माझ्या मते या दिवसानंतर मूल मियामीत ठेवायला एकही कारण उरलं नव्हतं. १२ तारखेला रेनो स्वतः मियामीला गेल्या आणि नातलगांशी बोलल्या. त्या मियामीच्याच. १५ वर्षं तिथल्या मुख्य सरकारी वकील होत्या, त्या वस्त्या त्यांच्या पायाखालच्या. तोडगा निघाला नाही. खात्याने दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची वेळ दिली. ती वेळही गेली. त्याच दिवशी एक चित्रफीत प्रसिद्ध झाली, ज्यात मुलगा पलंगावर बसून बोट उगारत वडिलांना सांगतो की मला क्यूबाला जायचं नाही.

१९ एप्रिलला अपील न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत मुलाला देशाबाहेर न्यायला मनाई केली. वडिलांकडे सोपवायला मात्र मनाई नव्हती. हा बारीक फरक रस्त्यावरच्या गर्दीपर्यंत कुणी पोचवला नाही. पोचवता आला असता, तर कदाचित पुढची पहाट टळली असती.

२२ एप्रिलची पहाट

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सव्वापाचच्या सुमारास सशस्त्र पथक त्या घरात घुसलं. मध्यस्थी करणारे वकील तेव्हा रेनो यांच्याशी फोनवर होते, रात्रभर बोलणी चालू होती. काही मिनिटांत मुलाला बाहेर आणून गाडीत बसवलं. ज्या मच्छीमाराने त्याला समुद्रातून काढलं होतं, तोच त्या क्षणी त्याला छातीशी धरून कपाटात उभा होता. समोर बंदूकधारी अधिकारी. छायाचित्रकार अ‍ॅलन डियाझ यांनी टिपलेल्या त्या दृश्याला २००१ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

काही तासांत दुसरा फोटो आला: वडिलांच्या मिठीत हसणारा तोच मुलगा. ज्यांना पहिला फोटो पुरेसा वाटला, त्यांनी दुसऱ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ज्यांना दुसरा पुरेसा वाटला त्यांनी पहिल्याकडे पाहायचं टाळलं. दोन्ही फोटो खरे होते. त्या दिवशी त्या मुलाच्या वाट्याला दोन्ही आलं होतं.

बळाचा वापर योग्य होता का? रेनो यांच्यापुढे पर्याय दोनच उरले होते: आणखी वाट पाहायची किंवा आत शिरायचं. आदेश पाळला जात नसेल तर कधीतरी तो अमलात आणावा लागतो, हे मी मान्य करतो. पण बंदुकीची वेळ आली ती १४ जानेवारी नुसती येऊन गेल्यामुळे. तेव्हा घराबाहेर गर्दी कमी होती आणि मूल सात आठवडेच तिथे राहिलं होतं. समजूत घालायला जागा होती.

निकाल

१ जून २००० ला अपील न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली. मुलाने अर्ज कसा करावा याबद्दल कायदा गप्प आहे, ती पोकळी खात्याने वाजवी धोरणाने भरली आहे, आणि कम्युनिस्ट देशात राहणं एवढ्यावरून पालकाचा अधिकार जात नाही, असा त्याचा आशय. न्यायालयाने हे धोरण सर्वोत्तम आहे असं म्हटलं नाही, वाजवीपणाच्या हद्दीत बसतं एवढंच म्हटलं. मूल थोडं मोठं असतं तर उत्तर वेगळं येऊ शकलं असतं. १९८० मध्ये शिकागोत आईवडिलांबरोबर सोव्हिएत युक्रेनला परतायला नकार देणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाला अमेरिकेने आश्रय दिला होता, आणि त्याचा खटला तो १८ वर्षांचा होईपर्यंत रेंगाळला.

२८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने दखल घ्यायला नकार दिला. त्याच दिवशी वडील मुलाला घेऊन विमानात बसले. समुद्रात सापडल्यापासून २१६ दिवस झाले होते.

नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडा राज्य, आणि त्याबरोबर अध्यक्षपद, जॉर्ज बुश यांनी ५३७ मतांनी जिंकलं. मियामीच्या क्यूबन मतदारांच्या रागाचा त्यात वाटा होता असं मानणारे पुष्कळ आहेत. इतक्या थोड्या फरकात कुठल्याही एका कारणाला श्रेय देता येतं, म्हणून मी त्यावर भर देणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात मुलासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमायला हवा होता. वडिलांचा वकील होता, नातलगांचे वकील होते, सरकारचे होते. ‘मुलाचे’ म्हणवणारे वकील नातलगांनी नेमलेले होते. ज्याचं कुणाशीच देणंघेणं नाही असा एक माणूस, ज्याने मुलाशी बोलून न्यायालयाला अहवाल द्यावा, तो नव्हता. तो असता तर ती चित्रफीत काढायची गरजच पडली नसती, किंवा काढली तरी तिला वजन आलं नसतं.

दुसरं, परतीच्या आदेशाबरोबर अंमलबजावणीचा आराखडा हवा होता. मूल कुठे सोपवायचं, कोण सोबत असेल, आत्याला नंतर भेटता येईल का, फोन करता येईल का. नातलगांना सगळं गमावतोय असं वाटलं, कारण खरोखरच त्यांच्यासाठी काही राखून ठेवलं नव्हतं. वडिलांचा हक्क पूर्ण मानूनही आत्याला दर महिन्याला पत्र आणि फोन एवढं देता आलं असतं. हरणाऱ्याच्या हाती काहीतरी उरलं की दार उघडतं, हा ताब्याच्या वादातला माझा अनुभव आहे.

तिसरं थोडं वादाचं आहे. क्यूबाने वडिलांना डिसेंबरमध्येच पाठवलं असतं, तर बहुधा नाताळापूर्वी ते मुलाला घेऊन घरी गेले असते. वडील येत नाहीत या एका गोष्टीवर चार महिने मोहीम चालली. त्या उशिराची जबाबदारी मियामीवर टाकता येत नाही.

आपल्याशी संबंध

भारताने हेग करार स्वीकारलेला नाही. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात तो स्वीकारावा असं सुचवलं, २०१६ च्या २६३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाही दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, मुलाचं हित त्याहून वरचं. त्यामुळे न्यू जर्सीचा आदेश हाती असलेला बाप आणि माहेरी पुण्याला मुलासह परतलेली आई यांचा वाद इथल्या न्यायालयात नव्याने उभा राहतो. त्या आईची बाजूही समजून घ्यावी लागते. ती नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर असेल, तर घटस्फोटाबरोबर तिचा तिथे राहण्याचा आधारच जातो. मूल तिथलं नागरिक आणि आई तिथे राहू न शकणारी: ताब्याचा प्रश्न आणि व्हिसाचा प्रश्न इथेही असेच एकमेकांत गुंततात.

अशा घरांनी या प्रकरणातून एक गोष्ट उचलावी. मूल तात्पुरतं कुणाकडे ठेवायचं असेल, आजीकडे का असेना, तर ते तात्पुरतं आहे आणि कधीपर्यंत, हे दोन्ही पालकांनी लिहून सही करावी. दुसऱ्या पालकाशी बोलण्याची वेळही त्यातच लिहावी. आणि मुलाचा फोटो पत्रकारांना किंवा समाजमाध्यमांवर देण्यापूर्वी वकिलाला नव्हे, एखाद्या बालमानसतज्ज्ञाला विचारावं.

नंतर

मुलगा कार्देनासमध्ये वाढला. कास्त्रो त्याच्या वाढदिवसांना येत. पुढे २००५ मध्ये एका अमेरिकी वाहिनीला त्याने सांगितलं की आपण त्यांना मित्र आणि वडिलांसारखं मानतो. तो औद्योगिक अभियंता झाला, आणि २०२३ मध्ये क्यूबाच्या राष्ट्रीय संसदेत कार्देनासचा प्रतिनिधी म्हणून गेला. मियामीतल्या कुणाला विचाराल तर हे राजवटीने घडवलेलं यश आहे. कार्देनासमध्ये विचाराल तर घरी परतलेल्या मुलाचं. २१६ दिवस त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून आज तो जे सांगतो त्यातलं किती त्याचं आहे हे वेगळं काढण्याचा अधिकार मला वाटतं आपल्यालाही उरलेला नाही.

या प्रकरणाशी जोडलेली दोन संग्रहालयं झाली. एक कार्देनासमध्ये, सरकारने उभारलेलं. दुसरं लिटल हवानातलं ते घरच, नातलगांनी जपलेलं, त्याच्या कपड्यांसह आणि खेळण्यांसह. ‘ओले पाय, कोरडे पाय’ नियम ओबामा सरकारने जानेवारी २०१७ मध्ये रद्द केला. लिटल हवानातल्या त्या खोलीत खेळणी मात्र मांडून ठेवली गेली, सहा वर्षांचं मूल टाकून गेल्यासारखी.